घर्षण कुठं कमी करायचं, कुठं राखायचं? ऑइलमधली अ‍ॅडिटिव्ह ओळखून ऑइल कसं निवडावं

गळीत हंगामात चिक्कोडी-निपाणी भागात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, जांबोटीवरून चोर्ला घाट चढणाऱ्या मोटरसायकली, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली मशीन, सगळी ऑइलवरच चालतात. तरी दुकानात आपण फक्त "20-40 द्या" एवढंच म्हणतो. त्या आकड्यावरून ऑइलचा दाटपणा कळतो. इंजिन ऑइलमध्ये साधारण 10 ते 25 टक्के भाग मुद्दाम मिसळलेल्या रसायनांचा, म्हणजे अ‍ॅडिटिव्हचा असतो, आणि झीज किती होणार हे बरंचसं त्यावर ठरतं.

आधी धातूला धातू कुठं लागतो ते पाहा. क्रँकशाफ्टचं बेअरिंग वेगात फिरतं, तेव्हा ऑइलचा थरच शाफ्टला उचलून धरतो. तिथं अ‍ॅडिटिव्हला फारसं काम नसतं. पण व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्याच्याखालच्या टॅपेटवर दाबला जातो तिथं, पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तिथं आणि गिअरच्या दातांमध्ये हा थर पिळून निघतो. उघड्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवर बारीक उंचवटे असतात. ते एकमेकांवर घासतात, तापतात, तुटतात.

या जागी तीन प्रकारची अ‍ॅडिटिव्ह कामाला येतात. पहिलं, घर्षण कमी करणारं. त्याच्या लांबट रेणूचं एक टोक धातूला चिकटतं आणि दुसरं बाहेर राहतं. गालिच्याच्या लवेसारखे हे रेणू दाटीनं उभे राहतात आणि घसरण त्या लवेवरच होते. मॉलिब्डेनमची अ‍ॅडिटिव्ह मात्र घासल्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पापुद्रे तयार करतात. ते एकमेकांवरून सहज सरकतात. दुसरं, झीज रोखणारं. जस्त-फॉस्फरसचं झेडडीडीपी 1940 च्या दशकापासून वापरात आहे. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा थर चढवतं. त्याची जाडी साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे असे हजार थर रचले तरी मिलिमीटरचा दहावा भाग. यानं घर्षण फारसं घटत नाही, पण धातू वाचतो. तिसरी, गिअर ऑइलमधली गंधक-फॉस्फरसची. दात प्रचंड दाबाखाली तापले की ती पोलादाशी संयोग पावतात आणि दातांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. गिअर ऑइलचा उग्र वास या गंधकाचाच.

आता निवड. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच बहुधा एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, आणि क्लचला घर्षण हवंच असतं. म्हणून डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 पाहूनच घ्या. कारचं इंधन वाचवणारं ऑइल महाग असलं तरी बाइकमध्ये ओतू नका. त्यातली घर्षण कमी करणारी अ‍ॅडिटिव्ह क्लच प्लेटवर बसतात आणि घाटात इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिथं जासो एमबी चालतं.

ट्रॅक्टरबाबत अधिक जपा. ऑइल ब्रेकच्या, म्हणजे ब्रेक ऑइलमध्येच बुडालेले असलेल्या, बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक यांना एकच ऑइल लागतं. गिअरला झीज रोखायला हवी, ब्रेकला पकड हवी. दोन्ही साधणारं ऑइल वेगळं बनवलेलं असतं. त्याजागी साधं इंजिन ऑइल टाकलं तर ब्रेक कर्कश आवाज करतात, पकडही बिघडू शकते. भरल्या ट्रॉल्या मागे असताना हे जिवावरचं आहे. कंपनीच्या पुस्तिकेतला ग्रेडच घ्या.

गिअर ऑइलचं थोडक्यात: जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे. पुस्तिकेत जीएल-4 असेल तर जीएल-5 वरचढ समजून टाकू नका. काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगना ते मानवत नाही.

वरून ओतायच्या अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइलमधली सगळी अ‍ॅडिटिव्ह धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा मिळवायला धडपडतात. एक वाढलं की दुसऱ्याला जागा कमी पडते.

अ‍ॅडिटिव्ह वापरात खर्ची पडतात, म्हणून ऑइल वेळेवर बदला. खानापूरकडच्या पावसात डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवा. चुकीच्या ऑइलनं क्लच घसरू लागला असेल तर इंजिन कोमट असताना ते पूर्ण काढा, फिल्टर बदला आणि योग्य ऑइल भरून काही दिवस चालवून पाहा. तरीही घसरला, तर क्लच प्लेट बदलाव्या लागतील.