वन नो ट्रम्पनंतर बोली फसते कुठे, आणि ती फसू नये म्हणून काय करायचं

ब्रिज या पत्त्यांच्या खेळातलं सगळ्यात सोपं ओपनिंग (पहिली बोली) कुठलं म्हणाल तर वन नो ट्रम्प (हुकुमाशिवाय खेळायची बोली), एका बोलीत पॉइंट पण सांगून झाले आणि पानांचा आकार पण. आणि तरी नवे तर सोडाच, चांगले मुरलेले लोक सुद्धा इथेच हमखास गेम (बोनस देणारी मोठी बोली) घालवतात नाहीतर उगाच वर जाऊन डाऊन होतात (बोललेले हात होत नाहीत). मला विचाराल तर कारण एकच आहे, कन्व्हेन्शन (ठरवून घेतलेल्या सांकेतिक बोली) पाठ असतात पण आता निर्णय कुणी घ्यायचा हे डोक्यात नसतं. ओपनरने (बोली उघडणाऱ्याने) आपली पानं जवळजवळ उघडी करून दाखवलीत, रिस्पॉन्डरची (त्याच्या पार्टनरची) मात्र कुणालाच माहीत नाहीत. म्हणजे बेरीज रिस्पॉन्डरलाच करता येते, तोच कॅप्टन. ओपनरने त्याने विचारलेलं सांगायचं आणि गप्प बसायचं. खालच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

पॉइंट मोजायची पद्धत सगळ्यांना माहीत असेलच, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, एकूण ४०. दोघांचे मिळून साधारण २५ झाले की गेम, ३३ ला स्मॉल स्लॅम (बारा हात), ३७ ला ग्रँड (तेराही हात). हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे सारखे लागणार आहेत.

पहिली पायरी : रेंज ठरवा आणि मग ती पाळा

मी इथे १५ ते १७ धरून लिहितोय. अकोल ही ब्रिटिश बोली-पद्धत खेळणारे बरेच जण १२ ते १४ वर उघडतात, तेही चालतं, फक्त मग रिस्पॉन्डरचे सगळे आकडे तीनने वर सरकवायचे. आकार, म्हणजे चार रंगांत किती-किती पानं, ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ (यालाच बॅलन्स्ड म्हणतात), सिंगलटन (रंगाचं एकच पान) नको.

आता १८ पॉइंट आहेत, पानं बॅलन्स्ड आहेत, "एकच तर जास्त आहे" म्हणून वन नो ट्रम्प बोलून टाकायचं, ही चूक फार दिसते. समोरच्याकडे ७ असतील तर तो पास करणार, त्याचं काहीच चुकलं नाही, आणि तुमचे २५ पॉइंट वन नो ट्रम्पमध्ये पडून राहिले. १८-१९ असले की आधी मायनर (किलवर किंवा चौकट) उघडायचा आणि पुढच्या फेरीत उडी मारून २ नो ट्रम्प बोलायचं. उलट बाजूला १४ वर उघडलात आणि समोरच्याने १० वर सरळ ३ नो ट्रम्प केलं की २४ वर गेम खेळत बसा. १४ पॉइंट आणि सोबत चांगला भरीव पाच पानी रंग, दहा-नव्वे पण आहेत, अशा वेळी १५ धरले तर मी काही म्हणणार नाही, पण ते अधूनमधून, सवय म्हणून नाही.

अजून एक वाद नेहमी होतो, पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम) असताना वन नो ट्रम्प उघडायचं का? ५-३-३-२ आणि १६ पॉइंट असतील तर माझं उत्तर हो. समजा तुम्ही १ बदाम उघडलं आणि पार्टनर १ इस्पिक बोलला, आता तुम्ही काय बोलणार? १ नो ट्रम्प म्हणजे १२-१४, २ नो ट्रम्प म्हणजे १८-१९, तुमच्या १६ ला जागाच नाही. म्हणून आधीच सांगून मोकळं व्हायचं.

दुसरी पायरी : पास करायच्या आधी पाच पानी मेजर आहे का बघा

ही पानं बघा. इस्पिक गुलाम-९-७-५-३, बदाम ८-४, चौकट राणी-६-२, किलवर १०-७-३. पॉइंट तीन. पार्टनरने वन नो ट्रम्प उघडलं. नवा माणूस तीन पॉइंट बघून पास करतो, आणि नेमकं हेच करायचं नसतं. नो ट्रम्पमध्ये ही पानं मेल्यात जमा आहेत, डमीवर (टेबलावर उघड्या मांडलेल्या या पानांवर) यायलाच मिळत नाही. इस्पिक हुकूम झाला की तीच छोटी पानं दोन-तीन हात करून देतात. म्हणून २ बदाम बोला, म्हणजे इस्पिकला ट्रान्सफर (खालचा रंग बोलून ओपनरला वरचा बोलायला लावणं), ओपनर २ इस्पिक म्हणेल, मग पास. २ चौकट म्हणजे बदामाला ट्रान्सफर, २ बदाम म्हणजे इस्पिकला, आणि यासाठी शून्य पॉइंट असले तरी चालतात.

ओपनरच्या बाजूने चूक अशी होते की २ चौकट आल्यावर तो आपले बदाम बघतो, दोनच आहेत, ते पण तिर्री-दुर्री, मग म्हणतो २ नो ट्रम्प. अहो, तुम्हाला विचारलंय कुणी? पार्टनरकडे पाच आहेत, तुमचे दोन, सात झाले, २ बदाम बोलायचं आणि थांबायचं. चार पानं आणि १७ असे दोन्ही असतील तरच उडी मारून ३ बदाम. आणि २ चौकटीवर पास करून चौकट हुकूम खेळायची वेळ आणणारे पण असतात, त्यावर उपाय एकच, टेबलावर बसायच्या आधी "ट्रान्सफर खेळतोय ना" हे विचारून घ्या.

ट्रान्सफर झाल्यावर पुढचं बोलणं पण नीट करा. पाचच पानं आणि ८-९ पॉइंट असतील तर २ नो ट्रम्प. पाचच पानं आणि १० किंवा वर, ३ नो ट्रम्प. मग ओपनरकडे त्या रंगाची तीन पानं असतील तर तो सहसा ४ मेजर करतो, दोन असतील तर पास. मेजरच परत बोललात तर त्याचा अर्थ सहा पानं आहेत, ३ ला बोललात तर आमंत्रण आणि ४ ला बोललात तर गेम. इथे लोक पाच पानांवर ३ इस्पिक बोलतात, ओपनर दोन पानांवर बिनधास्त ४ करतो कारण त्याच्या हिशोबाने आठ हुकूम आहेत, आणि मग एकमेकांकडे बघत बसतात.

तिसरी पायरी : स्टेमन कशासाठी आहे ते समजून वापरा

स्टेमन म्हणजे वन नो ट्रम्पवर २ किलवर बोलणं, "तुझ्याकडे चार पानी मेजर आहे का?" एवढाच प्रश्न. ओपनर २ चौकट म्हणाला तर नाही, २ बदाम किंवा २ इस्पिक म्हणाला तर आहे, दोन्ही असतील तर आधी बदाम. नाव सॅम स्टेमनचं पडलं कारण १९४५ मध्ये लेख त्याने लिहिला, मूळ डोकं त्याचा पार्टनर जॉर्ज रॅपी याचं.

विचारायला साधारण ८ पॉइंट हवेत, कारण उत्तर २ चौकट आलं की तुम्हाला २ नो ट्रम्पवर जावं लागणार. ५ पॉइंटवर "बघूया तर" म्हणून विचारणं महागात पडतं. याला अपवाद एक, किलवर जेमतेम एखादं आणि बाकी तिन्ही रंग चार-चार. मग दोन पॉइंटवर पण विचारा आणि जे उत्तर येईल त्यावर पास करा, काहीही आलं तरी वन नो ट्रम्पपेक्षा बरंच.

आता माझी आवडती चूक. ओपनर : इस्पिक राजा-राणी-७-२, बदाम एक्का-गुलाम-६-३, चौकट राजा-८, किलवर राजा-९-४, १६ पॉइंट. रिस्पॉन्डर : इस्पिक एक्का-गुलाम-८-४, बदाम ७-२, चौकट राणी-गुलाम-६-५, किलवर राणी-८-३, १० पॉइंट. बोली झाली १ नो ट्रम्प, २ किलवर, २ बदाम, ३ नो ट्रम्प. ओपनर पास करतो, आणि विरोधक बदामावर तुटून पडतात. पण जरा विचार करा, पार्टनरने मेजर विचारला, बदाम सांगितल्यावर तो नको म्हणाला, मग त्याने विचारलं कशासाठी? त्याच्याकडे चार इस्पिक आहेत म्हणूनच ना! तेव्हा इथे ओपनरने ४ इस्पिक बोलायचंच. ओपनरने गप्प बसायचं हे मीच वर लिहिलंय, पण इथे तो स्वतःच्या मनाने बोलत नाहीये, पार्टनरने न बोलता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

स्वतःचा आकार ४-३-३-३ असेल आणि पॉइंट पुरेसे असतील तर मी तर स्टेमन विचारतच नाही, सरळ ३ नो ट्रम्प. कापायला काही नसतं, आणि विरोधकांना ओपनरची पानं फुकट कळतात. पाच पानी मायनर आणि १० पॉइंट असतील तरी तेच, ३ नो ट्रम्पला नऊ हात लागतात आणि ५ किलवरला अकरा.

२ नो ट्रम्प ओपनिंग असेल, म्हणजे २०-२१, तर हीच यंत्रणा एक मजला वर, ३ किलवर स्टेमन, ३ चौकट आणि ३ बदाम ट्रान्सफर. फरक इतकाच की आमंत्रण वगैरे प्रकार इथे नाही, ५ पॉइंट असले की गेमला जायचं, पास करून घाबरून बसायचं नाही.

चौथी पायरी : ४ नो ट्रम्प म्हणजे एक्के विचारणं नाही

वन नो ट्रम्पवर पार्टनर थेट ४ नो ट्रम्प म्हणाला की निम्मे लोक एक्के मोजून ५ चौकट बोलून मोकळे होतात. तो ब्लॅकवुड (एक्के विचारणारा ४ नो ट्रम्प) नाहीये. तो म्हणतोय, "माझ्याकडे १६-१७ आहेत, तुझ्याकडे वरचे असतील तर ६ नो ट्रम्प कर." तुमच्याकडे १५ असतील तर पास, १७ असतील तर ६, आणि १६ वर आपली दहा-नव्वे आणि पाच पानी रंग बघून ठरवा. एक्के का विचारत नाही? गणितच बघा की, दोघांचे ३३ झाले म्हणजे बाहेर सात पॉइंट राहिले, दोन एक्के आठ पॉइंटचे, म्हणजे विरोधकांकडे दोन एक्के असूच शकत नाहीत. ज्याला खरंच विचारायचेत, म्हणजे लांब रंग आहे आणि पॉइंट कमी आहेत, त्याच्यासाठी ४ किलवर म्हणजे गर्बर आहे.

पाचवी पायरी : मध्ये विरोधक बोलला तर काय, हे आधीच ठरवा

हे कुणीच ठरवत नाही आणि मग टेबलावर चेहरे वाचायची वेळ येते. सुरुवातीला एवढं पुरे. डबल (समोरच्याच्या बोलीचे गुण दुप्पट करणारी बोली) आला तर काही बदलायचं नाही, स्टेमन आणि ट्रान्सफर तसेच. २ किलवर आलं तर तुमचा डबल म्हणजे स्टेमन, बाकी तसंच. २ चौकट किंवा त्याच्या वर काही आलं तर ट्रान्सफर बंद, २ च्या पातळीवर रंग बोललात तर तो खराच रंग आणि तिथेच थांबायचं, विरोधकाचाच रंग बोललात तर तो स्टेमन आणि गेमपर्यंत जायचं. डबल दंडाचा की पार्टनरला बोलायला लावणारा, हे दोघांनी एकदा ठरवा. लेबेन्सोल (विरोधक मध्ये बोलल्यावर वापरायचं कन्व्हेन्शन) वगैरे नंतर शिका, घाई नाही.

सराव करायचा असेल तर चौघं जमायची वाट बघू नका. एकाला १६ पॉइंटची बॅलन्स्ड पानं निवडून द्या, उरलेली ३९ पिसून त्यातली १३ दुसऱ्याला द्या आणि बोली कागदावर लिहीत जा. बोली संपल्यावर दोघांनी पानं उघडी मांडून प्रत्येक बोलीचा आपण काय अर्थ घेतला होता ते मोठ्याने सांगायचं. ओपनरची तीच १३ पानं ठेवून उरलेली पुन्हा पिसली की दर वेळी नवा प्रश्न, आणि तासाभरात कळतं की तुम्हा दोघांचं ट्रान्सफरनंतरच्या ३ इस्पिकवर एकमत आहे की नाही.