लठ्ठपणा, प्रतिकारशक्ती आणि तोंडाचा कर्करोग : या चुका टाळा

तोंडाचा कर्करोग म्हटलं की आपल्याला तंबाखू आठवते, आणि ते बरोबरच आहे. खर्रा, मावा, गुटखा, मशेरी, चुना लावून मळलेला बार, दुखण्याचं मूळ तिथेच आहे. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे. पण बिघडलेली पेशी हेरून मारायचं काम प्रतिकारशक्तीचं असतं आणि अंगावरची जादा चरबी या राखणदारालाच सुस्त करते. या दुसऱ्या बाजूबद्दल गैरसमज फार आहेत.

"मी काडीपैलवान, मला कसला धोका?"

सगळ्यात घातक समज हाच. तोंडाचा कर्करोग बारीक माणसांत जास्त दिसतो, असं अनेक पाहण्यांत आढळलं आहे. म्हणून चरबी माणसाला वाचवते असं समजू नका. तंबाखूने भूक मरते, जेवणाची आबाळ होते आणि रोग लक्षात येण्याआधीच वजन उतरू लागतं. लठ्ठपणाशी पक्का संबंध असलेल्या 13 कर्करोगांची यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये दिली, त्यात तोंडाचा कर्करोग नाही. तेव्हा रोज पाच किलोमीटर चालून खिशात माव्याची पुडी ठेवणाऱ्याने स्वतःची समजूत घालू नये.

"मग वजनाचा काय संबंध?"

संबंध आहे, फक्त तो आडून येतो. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार नव्हे. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्याभोवती प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात, इंटरल्युकिन-6 आणि टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सोडतात आणि शरीरात मंद सूज कायम धुमसत राहते. सतत अर्धवट पेटलेल्या या लढाईत टी पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणारे प्रतिकारशक्तीचे शिपाई, दमतात. त्यांच्यावर पीडी-1 नावाचा ब्रेक असतो, तो लठ्ठपणात जास्त दाबला जातो. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. संपृक्त स्निग्धाम्लं वाढली की 'स्टिंग' नावाची पेशीतली धोक्याची घंटा मंदावते आणि तोंडातल्या गाठीला रान मोकळं मिळतं. हे उंदरांतलं आहे, जसंच्या तसं माणसाला लावू नका. तरी पोट सुटलेलं असेल तर तिकडे काणाडोळाही नको. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची 80 च्या वर गेली, तर वजनकाट्यावरचा आकडा कितीही बरा वाटो, पोटातली चरबी वाढली आहे असं धरा.

"सोडल्यावर वजन वाढलं, म्हणून पुन्हा सुरू केलं"

हे ऐकलं की पोटात कालवतं. सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलोंनी वाढतं, हे खरं आहे. ते वाढणार हे आधीच धरून चाला. तलफ आली की फरसाण-बिस्किटांऐवजी भाजलेले चणे, बडीशेप, काकडी तोंडात टाका. सुपारी मात्र नको, 'साधी' म्हणूनही नको. चार किलो पुढे उतरवता येतील, कापलेला जबडा परत येत नाही. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

काढे आणि 'इम्युनिटी'च्या गोळ्या

कोणत्याही चूर्णाने खर्ऱ्याची भरपाई होत नाही. राखणदाराला धार हवी असेल तर झोप, चालणं, पालेभाज्या-फळं, आटोक्यातली साखर आणि दारूला फाटा.

तोंड आलंय म्हणून महिना काढणं

बी-कॉम्प्लेक्स आणि जेल लावत दिवस घालवू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हलणारा दात, गळ्याला गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे जा. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तरी जा. टोकदार दात गालाला घासत असेल तर तो आधी गुळगुळीत करून घ्या. केरळमध्ये तंबाखू-दारू घेणाऱ्यांचं तोंड नुसतं डोळ्यांनी नीट तपासत गेल्यावर त्यांच्यातले या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्याला लागतो चांगला उजेड आणि पाहणारा शिकलेला डोळा.

उपचार चालू असताना डाएट

निदान झाल्यावर काही घरांत साखर, भात, दूध सगळंच बंद होतं. 'गाठ उपाशी मरेल' म्हणतात. उपाशी पडतो तो रुग्ण आणि त्याच्याबरोबर त्याची प्रतिकारशक्ती. जाड रुग्णाचं वजन उतरलं की घरचे खूश होतात, पण झिजत असतो तो बहुधा स्नायू. रेडिएशनमध्ये गिळता येत नाही, तेव्हा नाकातली नळी लोक लाजेपायी नाकारतात. तिला हो म्हणा. पातळ मऊ खिचडी, डाळीचं पाणी, दही, अंडं, मिक्सरमधून काढलेलं जेवण, पोटात काय आणि कसं जाणार ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.