इंग्लंडमध्ये आपण राहतो त्या गावाच्या जुन्या आठवणी आणि इतिहास कसा जमवायचा

आपली बरीच मंडळी आता लंडन सोडून स्विंडन, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी नाहीतर त्यांच्या आसपासच्या छोट्या गावांत घरं घेऊन राहतात, आणि कितीतरी जणांना मनातून वाटत असतं की आपलं घर उभं आहे तिथे आधी काय होतं, शेत होतं की वीटभट्टी, शेजारच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजींनी ही गल्ली कशी कशी बदलताना पाहिलीय ते समजून घ्यावं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी सांगते, अख्ख्या गावाचा इतिहास करायला घेऊ नका. एक गल्ली घ्या, किंवा एक शाळा, एक दुकान, एक शेत. अख्खं गाव घेतलं की माणूस रोमन लोकांपासून वाचायला लागतो आणि आपल्या घरापर्यंत कधी पोचतच नाही. १०८६ च्या डूम्सडे बुकमध्ये, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत, गावात नांगर किती होते, गिरणी होती का, हे ऑनलाइन फुकट बघता येतं, एका संध्याकाळी जरूर बघा, पण तिथे थांबू नका. एकच गल्ली धरली की कागदावरची नावं आणि जिवंत माणसांच्या आठवणी एकमेकांना भेटायला लागतात, आणि या कामातला खरा आनंद तोच आहे.

सुरुवात नकाशापासून करा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे, जुने नकाशे आहेत, नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचेही भरपूर आहेत आणि फुकट आहेत, आणि जुना नकाशा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघता येतो. पंचवीस इंची नकाशा (एका मैलाला कागदावर पंचवीस इंच) मिळाला तर तोच घ्या, त्यात विहीर, पंप, घरामागच्या शेड, सगळं दिसतं. त्याच्याही मागे जायचं असेल तर टाइद मॅप शोधा. पूर्वी शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागायचा, १८३६ च्या कायद्याने तो पैशात ठरवायचं झालं आणि त्यासाठी बऱ्याच गावांतल्या प्रत्येक शेताची मोजणी झाली, शेताचं नाव काय, मालक कोण, कसतो कोण, सगळं सोबतच्या यादीत असतं. तुमची आजची हाउसिंग इस्टेट ज्या शेतावर बांधली त्याचं नाव तिथे सापडतं, आणि बऱ्याचदा तेच नाव बिल्डरने रस्त्याला दिलेलं असतं. हवाई फोटोंसाठी ब्रिटन फ्रॉम अबव्ह ही साइट बघा, एरोफिल्म्स कंपनीने १९१९ पासून विमानातून काढलेले फोटो आहेत, कारखान्यांची गावं त्यात फार सुंदर दिसतात.

मग माणसांची नावं. सेन्सस १८०१ पासून दर दहा वर्षांनी होतोय पण घरोघरच्या माणसांची नावं साधारण १८४१ पासून मिळतात, आणि १८४१ मध्ये मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीयत, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो, त्यामुळे तिथे वयावर वाद घालू नका. धंद्याच्या रकान्यात अॅग लॅब दिसलं की तो शेतमजूर. सरकारी नोंदणी १८३७ ला सुरू झाली, त्याच्या आधीचे जन्म-मृत्यू हवे असतील तर पॅरिश रजिस्टर, म्हणजे चर्चच्या नोंदवह्या, ती १५३८ पासून ठेवायला सांगितली होती, सगळीकडची टिकली नाहीत. आणि दुकानदार, पबवाले, लोहार यांच्यासाठी केलीज डिरेक्टरी, म्हणजे गावोगावच्या धंदेवाल्यांच्या नावांची छापील यादी, लेस्टर युनिव्हर्सिटीने अशा कितीतरी डिरेक्टऱ्या ऑनलाइन टाकल्यात. पैसे भरायच्या आधी गावच्या लायब्ररीत विचारा, कारण बऱ्याच लायब्रऱ्यांच्या कॉम्प्युटरवर अॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या जुन्या नोंदी शोधायच्या, एरवी पैसे घेणाऱ्या साइट फुकट वापरता येतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सेन्सस शंभर वर्षं बंद असतो. १९२१ चा २०२२ मध्ये उघडला. १९३१ चा इंग्लंड आणि वेल्सचा सेन्सस १९४२ साली आगीत जळून गेला, १९४१ चा युद्धामुळे झालाच नाही, आणि १९५१ चा उघडायला अजून खूप वर्षं आहेत. मधे फक्त २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर आहे, युद्ध सुरू झाल्यावर केलेलं, त्यातही शंभर वर्षांच्या आतल्या बऱ्याच माणसांच्या ओळी झाकलेल्या असतात. म्हणजे गेल्या शंभर वर्षांतलं गाव, जे आपल्याला सगळ्यात जवळचं, तेच कागदावर सगळ्यात कमी उघडं आहे, आणि ते आज फक्त माणसांच्या डोक्यात आहे. म्हणून माझं मत असं की कागद पुरे होईपर्यंत माणसांकडे जायचं थांबू नका, जुजबी नकाशा आणि चार नावं हातात आली की लगेच जा.

तरी जायच्या आधी काउंटी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे काउंटीचे जुने कागद जपून ठेवतात तिथे, एक चक्कर मारा. आधी कार्ड काढून कागदपत्रं बुक करून जायचं, आत फक्त पेन्सिल चालते, फोटो काढायला काही ठिकाणी फी असते. तिथे शाळेचं लॉगबुक मागा. १८६२ पासून हेडमास्तरांना ते ठेवावं लागायचं आणि त्यात कापणीमुळे मुलं आली नाहीत, गोवराची साथ म्हणून शाळा बंद, कोळसा संपला, असल्या नोंदी असतात, केंटमध्ये तर हॉप्स तोडणीच्या दिवसांत वर्गच रिकामे. पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावच्या पंचायतीची, मिनिट्स (बैठकांच्या नोंदी) १८९४ पासून असतात, दिवे, गटारं, पायवाटेची भांडणं, रटाळ वाटतं पण गल्लीत वीज कधी आली ते तिथेच कळतं. आणि एक गोष्ट बहुतेक लोक मागतच नाहीत, विमेन्स इन्स्टिट्यूट या बायकांच्या संस्थेची १९६५ ची स्क्रॅपबुकं. संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून गावोगावच्या बायकांनी त्या वर्षीच्या आपल्या गावाची स्क्रॅपबुकं केली, फोटो, दुकानातले भाव, बसचं टाइमटेबल, कापडाचे तुकडे चिकटवून, कितीतरी आर्काइव्हमध्ये ती जपून ठेवलेली आहेत. तुमच्या गावाचं असेल तर तुमचं नशीब.

आता माणसं. चर्च हॉलमधली कॉफी मॉर्निंग, लायब्ररी, लोकल हिस्टरी सोसायटी, ही तीन ठिकाणं पुरतात. आपण बाहेरून आलेले म्हणून संकोच करू नका, उलट त्याचा फायदाच होतो, कारण गावातल्या माणसाला जे सांगायची गरज वाटत नाही ते सगळं ते आपल्याला उलगडून सांगतात. मिसेस अमुक म्हणायचं की पहिल्या नावाने हाक मारायची ते त्यांनाच विचारा. पहिल्या भेटीत रेकॉर्डिंग नको, चहा घ्या, नकाशा दाखवा, कशासाठी करताय ते स्पष्ट सांगा आणि पुढची वेळ ठरवा.

रेकॉर्डिंग त्यांच्या घरी, शांत खोलीत करा, पबमध्ये नको. टिकटिक करणारं घड्याळ, टीव्ही, फ्रिजची घरघर हे सगळं नंतर फार त्रास देतं. फोन चालतो, पण फ्लाइट मोडवर टाका आणि जमलं तर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, जागा, त्यांचं पूर्ण नाव, जन्मसाल त्यांच्याच तोंडून घ्या. तासा-दीड तासात थांबा, वयस्कर माणसं दमतात पण म्हणत नाहीत.

प्रश्न कसे विचारायचे यात सगळं आहे. 'तेव्हाचे दिवस चांगले होते का' असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही, पुढे काही नाही. त्याऐवजी लहानपणीच्या घराच्या पुढच्या दारातून आत यायला सांगा, उजवीकडे काय, चूल कुठे, पाणी कुठून यायचं, संडास अंगणात होता का, टिनचा टब कुठे टांगलेला असायचा, आंघोळीला पहिला नंबर कुणाचा. सोमवार हा कपडे धुवायचा दिवस, त्याबद्दल विचारा. आईचा कोऑपचा, म्हणजे सहकारी दुकानाचा, डिव्ही नंबर विचारा, खरेदी केली की हा नंबर सांगायचा म्हणजे डिव्हिडंड खात्यात जमा व्हायचा, आणि आईने दुकानात पाठवताना तो इतक्या वेळा घोकून घेतलेला असतो की नव्वदीतली माणसं तो अजून धडाधड म्हणून दाखवतात, मग त्या दुकानातला लोणी कापणारा माणूस, काउंटर, वास, सगळं आपोआप येतं. गावात कारखाना असेल तर त्याच्या आवाजाबद्दल विचारा. स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं वर्कशॉप १८४३ मध्ये सुरू झालं आणि १९८६ मध्ये बंद पडलं, त्याच्या भोंग्यावर आख्खं शहर उठायचं आणि जेवायचं, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला भोंग्याबद्दल विचारलं की मधे बोलायची गरजच पडत नाही.

आणि गप्प बसायला शिका. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते. नकाशा टेबलावर पसरून ठेवा, पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि बेकरी कुठे, न्हावी कुठे ते त्यांनाच मांडू द्या. जुन्या पैशांचे आकडे आले तर तसेच लिहा, १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधी पाउंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स होते, आपल्या मनाने आजच्या पैशात बदलू नका. त्यांच्या बोलीतले शब्दही सुधारू नका.

मग पडताळा. आठवण तारखेला कच्ची असते. १९४७ चा हिवाळा आणि १९६२-६३ चा हिवाळा, दोन्हीत प्रचंड बर्फ, आणि लोक ते दोन्ही सर्रास एकत्र करतात. तेव्हा तुम्ही शाळेत होता की लग्न झालं होतं, रेशनिंग चालू होतं का, एवढं विचारलं की सुटतं, कारण रेशनिंग १९५४ मध्ये संपलं. पण सापडलेल्या तारखेवरून त्यांना खोटं पाडू नका. सांगणारा काय म्हणतो ते एकीकडे आणि वर्तमानपत्र काय म्हणतं ते दुसरीकडे, दोन्ही लिहा. वीज कधी आली ते मिनिट्स सांगतील, पण पहिल्यांदा दिवा लागल्यावर आजीला भिंतीवरची जळमटं दिसून लाज वाटली हे कुठल्याच मिनिट्समध्ये नसणार.

युद्धाबद्दल बोलताना जपून. गावच्या वॉर मेमोरियलवरची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधून मग जा, म्हणजे समोरच्याच्या मामाचं नाव तिथे आहे हे आधी माहिती असेल. लहानपणी बॉम्बहल्ल्यांपासून वाचवायला इव्हॅक्युई म्हणून परक्या घरी पाठवलेली माणसं काही वेळा बोलता बोलता थांबतात, तेव्हा रेकॉर्डर बंद करायचा का ते विचारा.

आपल्याकडच्या माणसांच्या आठवणी सुद्धा या गावांचाच इतिहास आहे, हे मला मनापासून सांगायचंय. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोक रो गावात बनारसच्या महाराजांनी दिलेल्या पैशातून खणलेली ३६८ फूट खोल विहीर आहे, १८६४ ची, वर घुमट आहे. ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवर, पहिल्या महायुद्धात वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला त्या जागी, छत्री नावाचं स्मारक उभं आहे, १९२१ चं. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेली माणसं लेस्टरला आली, तेव्हा तिथल्या कौन्सिलने येऊ नका अशी जाहिरात युगांडातल्या पेपरात दिली होती, तरी आली आणि शहर उभं केलं. साठ-सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर, नर्सेस, बस कंडक्टर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचं रेकॉर्डिंग मराठीत, गुजरातीत, जी भाषा त्यांच्या तोंडात बसते तिच्यात करा आणि सोबत पानभर इंग्रजी सारांश जोडा.

फोटो असतील तर अल्बम घरी नेऊ नका, स्कॅनर त्यांच्याकडे न्या, ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फोटोत डावीकडून कोण कोण आहे ते तिथल्या तिथे लिहून घ्या. संमतीचा फॉर्म मात्र हवाच. बोललेल्या शब्दांवर कॉपीराइट बोलणाऱ्याचा असतो, त्यामुळे कुठे वापरणार, नाव घालायचं का, कुठला भाग बंद ठेवायचा हे लेखी घ्या, ओरल हिस्टरी सोसायटीच्या साइटवर याची चांगली माहिती आहे. जिवंत माणसांबद्दलची चहाडी किंवा कुणाचं आजारपण असेल तर ते बाहेर टाकू नका. शेवटी तीन कॉप्या करा, एक तुमच्याकडे, एक बोलणाऱ्या माणसाच्या घरी पेन ड्राइव्हवर, आणि एक काउंटी रेकॉर्ड ऑफिसला, पण त्यांना रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधीच ईमेल करा, कारण कुठली फाइल आणि कुठला फॉर्म चालतो ते प्रत्येक काउंटीचं वेगळं असतं.