वायूच्या विहिरीतली वाळू लॉगवरून कशी ओळखावी

मुंबईच्या वायव्येला, समुद्राखालच्या ताप्ती-दमण भागातला बराचसा वायू ऑलिगोसीन या भूवैज्ञानिक काळातल्या दमण फॉर्मेशन या खडकगटाच्या वालुकाश्मात आहे. या वाळूवर भरती-ओहोटीचा ठसा आहे. विहिरीत उपकरणं सोडून खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांच्या रेघा म्हणजे लॉग. असे लॉग पहिल्यांदा वाचणाऱ्यांना मी आधी कॅलिपर, म्हणजे भोकाच्या व्यासाची रेघ, पाहायला लावतो. साडेआठ इंची बिटचं भोक बारा इंच झालं असेल, तर डेन्सिटी, म्हणजे खडकाची घनता, मोजणारं पॅड बहुधा भिंतीला नीट टेकलेलं नसतं. त्या आकड्यावर विसंबू नका. कॅलिपर बिटपेक्षा जरासा आत आला असेल, तर तिथे बहुधा मडकेक, म्हणजे ड्रिलिंगच्या चिखलाचा भिंतीवरचा थर, बसलाय, म्हणजे खडक पाझरतो.

मग गॅमा रेवर, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या लॉगवर, स्वच्छ वाळूची (कमी) आणि शेलची, म्हणजे चिखलाच्या खडकाची (जास्त), अशा दोन रेघा मारा. मात्र पोटॅश फेल्डस्पार, अभ्रक किंवा ग्लॉकोनाइट असेल तर चांगली वाळूही शेलसारखी दिसते, म्हणून पोटॅशियम, थोरियम वेगवेगळे दाखवणारा स्पेक्ट्रल गॅमा असल्यास थोरियम पाहा; तो शेलमध्ये जास्त असतो. कोळशाचा थर याच्या उलट फसवतो: गॅमा कमी, रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा रोध) जास्त, अगदी वायूच्या वाळूसारखा. पण न्यूट्रॉन (हायड्रोजनचं प्रमाण दाखवणारा लॉग) खूप चढलेला आणि डेन्सिटी दोन ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरच्याही खाली दिसली, की समजा कोळसा.

खरी कसोटी पुढे आहे. वायूमुळे न्यूट्रॉन आणि डेन्सिटी दोन्ही घटतात, वालुकाश्माच्या स्केलवर दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडतात. वायू-पाण्याच्या सीमेखाली हे ओलांडणं मिटतं. वाळू तीच, बदलला तो द्रव. म्हणून गॅमा रे हलला नसेल तर तिथे फेसीजची, म्हणजे खडकाच्या प्रकाराची, हद्द आखू नका. हा नियम मी कधीच सोडत नाही.

आता गॅमा रेच्या रेघेचा आकार. तळाशी गॅमा रे झटकन खाली येऊन वर जाताना हळूहळू वाढला, तर बहुधा चॅनल, म्हणजे प्रवाहाच्या पात्रातली वाळू. वर जाताना कमी होत गेला, तर बार, म्हणजे वाळूचा दांडा. भरतीच्या प्रदेशात दोन्ही एकावर एक येतात, त्यामुळे निर्णय तळावर ठेवा: तळ कापलेला की हळूहळू बदलणारा? शेजारच्या विहिरीतही तो थर शोधा.

वाळू आणि शेलच्या रेघांच्या मधलाच गॅमा रे दिसला, तर मी कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल नमुना, मागतो. गॅमा रेचं अवजार साधारण अर्ध्या मीटरची सरासरी दाखवतं. सेंटीमीटरभर वाळू आणि चिखलाचे आलटूनपालटून थर असले, तरी रेघ गढूळ, म्हणजे चिखल मिसळलेल्या, वाळूसारखीच येते. पातळ थरांतून वायू आडवा वाहू शकतो, गढूळ वाळूतून फारसा नाही. कोअर आला की त्याचा गॅमा मोजून आधी खोली लॉगशी जुळवा. दोन्हींत मीटर-दोन मीटरचा फरक सहज असतो.