जाहिरातीतलं ‘डिझायरेबल’ वाचून मागे फिरू नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमातली मुलं नोकरीची इंग्रजी जाहिरात वाचताना ‘डिझायरेबल’ शब्दापाशी अडतात. पात्रतेत ‘इसेन्शियल’ म्हणजे अनिवार्य. ते नसेल तर अर्ज बाद होतो. ‘डिझायरेबल’ म्हणजे असेल तर उत्तम, नसलं तरी अर्ज चालतो. समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याने ‘इसेन्शियल: आयटीआय फिटर’ आणि खाली ‘डिझायरेबल: दोन वर्षांचा अनुभव’ असं छापलंय. नुकताच आयटीआय झालेल्यानेही तिथे बिनधास्त अर्ज करावा. कितीतरी हुशार पोरं ही दुसरी ओळ वाचूनच माघार घेतात, याचं फार वाईट वाटतं. कन्नड येणं कोणत्या रकान्यात आहे, हेही नीट बघा. आपल्या भागात त्यावर बरंच अवलंबून असतं.

आता अर्जातली गल्लत. ‘आय ॲम डिझायरेबल’ असं कधीही लिहू नका. त्याचा अर्थ ‘मी हवाहवासा आहे’ असा होतो. इच्छुक म्हणजे ‘डिझायरस’, आणि त्यापुढे ‘ऑफ’ येतो: ‘आय ॲम डिझायरस ऑफ जॉइनिंग...’. पण हा शब्द जुन्या सरकारी वळणाचा. माझं ऐकाल तर सरळ ‘आय वुड लाइक टू अप्लाय’ लिहा.