मुंबईत हटके गाणं, सिनेमा, चित्रं शोधताय? या चुका टाळा

"मुंबईत वेगळं काही होतच नाही गं, सगळीकडे तेच तेच" असं कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. कारण ज्या शुक्रवारी ती व्यक्ती घरी कंटाळून बसली होती त्याच शुक्रवारी फोर्टात नाहीतर वर्सोव्यात साठ-सत्तर खुर्च्यांच्या एखाद्या खोलीत काहीतरी भन्नाट चाललेलं असतं, आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. मी डोंबिवलीहून येते, बरीच वर्षं असे कार्यक्रम शोधून बघतेय, पण पहिली दोन वर्षं माझ्याही हाताला फारसं काही लागलं नव्हतं. शोधायची पद्धतच चुकत होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त तिकिटाच्या ॲपवर शोधणं. ॲपवर तेच दिसतं ज्याचं तिकीट तिथे विकलं जातं. जे फुकट आहे, जे सभासदांपुरतं आहे, ज्याची जाहिरात फक्त एका नाक्यावरच्या बॅनरवर आहे, ते तिथे येणारच नाही. फिल्म सोसायटीचं उदाहरण घ्या. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत जगभरचे सिनेमे दाखवतंय, 'वास्तव रूपवाणी' नावाचं त्यांचं सिनेमावरचं मराठी नियतकालिकही आहे, तरी सिनेमाचं वेड असलेल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. सेन्सॉर न झालेले परदेशी सिनेमे दाखवायची सूट सोसायट्यांना मिळते ती सभासदांपुरती, त्यामुळे खुली तिकीटविक्री नाही, आणि तिकीटविक्री नाही म्हणून ॲपवर नाव नाही. इथे सर्च करून उपयोग नाही, सरळ सभासद व्हायचं, मग कार्यक्रम आपोआप कळत जातात. (फिल्म फेस्टिव्हलला पुतण्याला किंवा भाचीला घेऊन जाणार असाल तर वयाची अट आधी बघा, बहुतेक ठिकाणी १८ च्या खालच्यांना घेत नाहीत, त्याचंही कारण हे सेन्सॉरच.)

दुसरं म्हणजे इव्हेंट शोधू नका, जागा धरा. मी पाच-सहा जागा ठरवून घेतल्यात आणि दर सोमवारी सकाळी ट्रेनमध्ये त्यांची पेजं बघते, पंधरा मिनिटं लागतात, बास. काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन (जर्मन सांस्कृतिक केंद्र), अलियान्स फ्रान्सेज (फ्रेंच सांस्कृतिक केंद्र), महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल्समधलं जी५ए, सोळा एमएमच्या जुन्या रिळांवर मनापासून काम करणारं हरकत स्टुडिओज, वर्सोव्याच्या आराम नगरातल्या छोट्या छोट्या जागा, आणि नरिमन पॉइंटचं एनसीपीए. एनसीपीए म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर महागडं तिकीट आणि सूटबूट येतो पण तिथलं एक्सपेरिमेंटल थिएटर आणि लिटल थिएटर बघा, तिथे बऱ्याचदा खिशाला परवडणारं आणि कधी कधी फुकटही काही असतं. जागा धरल्याचा फायदा असा की तिसऱ्या-चौथ्या वेळेला दारावरचा माणूस ओळखायला लागतो, बाजूच्या खुर्चीवरची बाई सांगते की पुढच्या आठवड्यात माझा मित्र अमुक ठिकाणी वाजवतोय, आणि माझे निम्मे चांगले कार्यक्रम मला असेच कळलेत.

गॅलरीच्या दारातून परत फिरू नका

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर सांगते. फोर्ट-कुलाब्यातल्या बऱ्याच गॅलऱ्या जुन्या इमारतींमध्ये वरच्या मजल्यावर आहेत. खाली लहानशी पाटी, लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या, वर बंद दार आणि बाजूला बेल. पहिल्यांदा मी त्या बेलपर्यंत गेले आणि हात मागे घेतला, वाटलं आपण काही चित्र विकत घेणार नाही, आत कोण विचारणार, आणि उतरून आले. पुढच्या महिन्यात परत गेले, बेल वाजवली, एका मुलीने दार उघडलं, हसली आणि आपल्या टेबलावर जाऊन बसली. झालं एवढंच! तिकीट नाही, प्रश्न नाहीत, वाटलं तर टेबलावरच्या वहीत नाव लिहायचं. भिंतीवर नावं लावलेली नसतात पुष्कळदा, तेव्हा चित्रांची यादी असलेला कागद मागून घ्या, त्यात माध्यम आणि साल असतं, आणि एकदा तो हातात आला की बघायची मजाच वेगळी. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर सुरू केलेली केमोल्ड गॅलरी आता फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडला आहे, तिथून सुरुवात करा.

जहांगीरला तर अजून सोपं, १९५२ पासूनची गॅलरी, फुकट, आणि चित्रकार स्वतः तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी बोला हो! आठवडाभर तो तिथे बसतो आणि लोक फोटो काढून निघून जातात. एकदा नागपूरकडच्या एका चित्रकाराला मी नुसतं विचारलं की हा पिवळा असा धुळकट कसा आलाय, तर त्याने अर्धा तास रंगांचे थर कसे दिले, मधला थर कापडाने कसा पुसून काढला, हे बोट कॅनव्हासपासून इंचभर लांब धरून दाखवलं. तिथली प्रदर्शनं सहसा मंगळवार ते सोमवार असतात, तेव्हा सोमवारी संध्याकाळी गेलात तर चित्रं उतरवायची घाई चाललेली दिसेल.

वारांवरून अजून एक. सोमवारी एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय) बंद, जुहूचं पृथ्वी थिएटरसुद्धा सोमवारी बंद, खाजगी गॅलऱ्या बऱ्याचशा रविवारी बंद, आणि रविवारी आपल्याला मेगाब्लॉक. लांबून येणाऱ्यांनी शनिवार दुपार धरावी.

गाण्याचं काय

तोडी किंवा ललितसारखे सकाळचे राग समोर बसून ऐकायला मिळत नाहीत अशी तक्रार असेल तर तुम्ही फक्त संध्याकाळच्या मैफली बघताय. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आली, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर रात्रभर चालणाऱ्या मैफली जवळपास संपल्या, आणि पहाटे-सकाळी गायचे राग त्यांच्याबरोबर गेले. आता ते सकाळच्या मैफलीतच मिळतात, दादर, माटुंगा, पार्ल्याच्या संस्था अधूनमधून करतात. पहिली लोकल पकडावी लागते, पण सकाळी साडेसहाला समोर तंबोरा लागलाय आणि बाहेर हळूहळू उजाडतंय हे एकदा अनुभवाच.

आणि हटके म्हणजे इंग्रजीतलं, बांद्र्यातलं, एवढंच समजू नका, ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. भांडुप, दिवा, नालासोपाऱ्याला स्टेशनबाहेर कोकणातल्या गावच्या मंडळांचे बॅनर असतात, शक्ती-तुऱ्याचा सामना, नमन (कोकणातलं लोकनाट्य), डबलबारी भजन (दोन बुवांचा भजनाचा सामना). शक्ती-तुऱ्यात दोन बाजूंचे शाहीर एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात आणि समोरच्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा, मागे ढोलकी चढत जाते, प्रेक्षक ओरडून दाद देतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलमधून फिरताना भीमगीतं गाणारे शाहीर ऐकू येतात, थांबून ऐका. यातलं कुठल्याही 'वीकेंडला काय कराल' यादीत क्वचितच येतं. बॅनरवरचा नंबर फिरवा, "बाहेरचे आलो तर चालेल का" विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

राहता राहिलं उशिरा पोचण्याचं आणि फुकट सीटचं. छोट्या जागेत दार एकदा बंद झालं की झालं, शंभर माणसांच्या खोलीत उशिरा आलेला एक जण सगळ्यांचा धागा तोडतो. एकदा गाडी ठाण्याला अडकली आणि मी सात मिनिटं उशिरा पोचले, बाहेर पायरीवर बसून सरोदचा आलाप दाराच्या फटीतून ऐकला. तेव्हापासून मी एक ट्रेन आधीची धरते. फुकट कार्यक्रमाचं रजिस्ट्रेशन फुल दाखवत असेल तर घरी बसू नका, अर्धा तास आधी जाऊन दाराशी सांगून ठेवा, नावं नोंदवलेले पुष्कळजण येत नाहीत आणि ऐनवेळी आत घेतात. आणि तुम्ही नाव नोंदवलंय पण जमणार नाहीये तर आदल्या दिवशी कॅन्सल करा प्लीज, कारण पहिल्या वर्षी मी ज्या दोन-तीन गोष्टी बघू शकले त्या अशाच कुणीतरी सोडलेल्या खुर्चीवर बसून.