जुन्या मारुतीला पाचवा गिअर बसवण्याआधी

खानदेशातल्या गॅरेजांत चार गिअरची जुनी मारुती ८०० अजूनही येते. इंजिन चांगलं असतं, पत्रा टिकलेला असतो आणि मालकाला गाडी मोडवत नाही. गाव ते तालुका ते जिल्हा असं रोजचं जाणं-येणं झालं की पेट्रोलचा खर्च बोचू लागतो. मग कुणीतरी सांगतं, ऑल्टोचा पाच गिअरचा गिअरबॉक्स टाक, ॲव्हरेज वाढेल. हे काम धुळ्यात माझ्याकडे पुष्कळदा आलं. आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल करून नुकतंच हातात पाना धरलेल्या पोरांना ते करून पाहायची फार हौस असते. हौस असावीच. या एका कामात क्लच, शाफ्ट, रेशो, इंजिनाचं श्वास घेणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं शिकायला मिळतं. पण पाना लावण्याआधी कागद-पेन्सिल हातात घ्यायची, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

पाचवा गिअर म्हणजे आपोआप ओव्हरड्राइव्ह आणि चौथा म्हणजे साधा, असं बहुतेकांना वाटतं. गिअरचा रेशो म्हणजे गिअरमधून बाहेर निघणाऱ्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे. तो एकापेक्षा कमी असेल तर त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, एवढंच. जुन्या ८०० चा चौथा गिअरच मुळात एकापेक्षा कमी आहे. तेव्हा नुसत्या नावावरून काही ठरत नाही. चाकापर्यंत काय पोचतं ते गिअरचा रेशो आणि क्राउनचा, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीचा (फायनल ड्राइव्हचा) रेशो यांच्या गुणाकारावर ठरतं. उदाहरणासाठी चौथा ०.९० आणि फायनल ४.३५ धरा, गुणाकार येतो ३.९२. नव्या गिअरबॉक्सचा पाचवा ०.७६ आणि फायनल तोच धरला तर ३.३१. आता टायर. १४५/७० आर १२ च्या टायरचा घेर साधारण १.६ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ६२५ फेरे. चौथ्यात इंजिन फिरेल साधारण २,४५० आरपीएमला (मिनिटाला फेरे), पाचव्यात २,०७० ला. ऐंशीच्या वेगाला हेच आकडे ३,२७० आणि २,७६० होतात. या गाड्यांना आरपीएम मीटर नसतो, म्हणून हा हिशेब हातानेच करायचा. आणि नव्या गिअरबॉक्सचा क्राउन जास्त आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याच्या, रेशोचा निघाला, तर पाचव्या गिअरची कमाई तिथेच बरीचशी जिरते. म्हणूनच गुणाकार केल्याशिवाय माल उचलायचा नाही.

आरपीएम पंधरा टक्के उतरला म्हणजे पेट्रोलही पंधरा टक्के वाचेल, असं होत नाही. गाडीला हवा कापायला आणि टायर फिरवायला लागणारी ताकद तीच राहते. बचत होते ती इंजिनाच्या आतली. फेरे कमी झाले की पिस्टन-बेअरिंगचं घर्षण कमी होतं. शिवाय तोच जोर काढायला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडावा लागतो, त्यामुळे अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाणारी मेहनतही वाचते. मात्र हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. जुन्या ८०० ला हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर आहे. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला की कार्बोरेटर मिश्रण घट्ट करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो. पाचव्यात गाडी ओढत नाही म्हणून पाय तळाला गेला, की जे वाचवलं ते तिथेच जळतं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची ते समजून घ्या. २००० साली ८०० ला एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनासोबत पाच गिअर मिळाले आणि त्याच वर्षी आलेल्या ऑल्टोलाही. पण त्या इंजिनांना सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह होते आणि ताकदही जास्त होती. कंपनीने पाचवा गिअर त्या ताकदीचा विचार करून दिला होता. तोच गिअरबॉक्स जुन्या इंजिनामागे लावताना ही गोष्ट विसरायची नाही.

याच कारणाने, गाडी आली की मी आधी गिअरबॉक्सकडे बघतच नाही. चाकं उचलून हाताने फिरवून बघतो. ड्रममध्ये ब्रेक शू घासत असेल, पुढचं कॅलिपर चिकटलं असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल, ठिणगीचं टायमिंग मागे असेल, तर हे आधी सुधारायचं. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत शेतरस्त्यांची धूळ एअर फिल्टर किती लवकर भरते ते इथल्या मेकॅनिकला सांगायला नको. पुष्कळ गिऱ्हाइकांचं समाधान इथेच होतं आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळच येत नाही. असं गिऱ्हाईक गमावल्याचं दुःख मानू नका. ते पुढच्या वेळी शेजाऱ्याची गाडीही घेऊन येतं.

आता मालाची निवड. जुन्या स्पेअर्सच्या दुकानात चार-पाच गिअरबॉक्स रांगेत ठेवलेले असतात आणि दुकानदार प्रत्येकाला 'एकदम कडक' म्हणतो. ड्रेन बोल्ट उघडायला लावा. बोल्टच्या चुंबकाला करडा, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे कण लागले तर दात तुटलाय. ऑइलमध्ये पिवळी चमक दिसली तर गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगची पितळ झिजलेली आहे. असा गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्यात खरखर करणारच.

त्यानंतर रेशो मोजायचा, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना, चाकांकडे जाणाऱ्या जुन्या शाफ्टचे तुकडे घाला. एका बाजूला पाइप पाना अडकवून ती बाजू घट्ट धरायला पोराला सांगा. इनपुट शाफ्टवर (इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या) आणि मोकळ्या बाजूच्या शाफ्टवर खडूची खूण करा. पाचव्यात टाका आणि इनपुट हाताने फिरवत राहा. एक बाजू अडवलेली असल्यामुळे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) मोकळी बाजू दुप्पट फिरवतं, म्हणजे मोकळ्या शाफ्टचे वीस फेरे म्हणजे क्राउनचे दहा. तेवढ्यात इनपुटचे तेहतीस फेरे झाले तर गुणाकार ३.३ आहे. एकोणचाळीस झाले तर जुन्या चौथ्याइतकाच आहे, पैसे देऊ नका. दुकानदार काय म्हणतो, डब्यावर काय लिहिलंय, याची गरजच उरत नाही. प्रत्येक गिअरमध्ये हे करून वहीत लिहून ठेवा. अशी वही मेकॅनिकची मोठी पुंजी असते. मालाचं बिल मात्र घ्या, आणि बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

बसवण्यातल्या खाचाखोचा मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून जुना आणि नवा गिअरबॉक्स शेजारी ठेवून एकेक गोष्ट जुळवायची: बेल हाउसिंगची (इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कव्हरची) भोकं, जागा नेमकी धरणाऱ्या डॉवेल पिनच्या जागा, इनपुट शाफ्टचे आटे (लांबीच्या दिशेच्या खाचा) आणि लांबी, चाकांच्या शाफ्टचे आटे, माउंटिंगचे कान, स्टार्टरची जागा, क्लच केबलचा लिव्हर, गिअर लिंकेज, रिव्हर्स लाइटचा स्विच. जे जुळत नाही त्याची यादी आधी तयार झाली की गाडी रॅम्पवर दिवसेंदिवस पडून राहत नाही. क्लच प्लेट नव्या इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून बघा. अडखळत असेल तर आटे वेगळे आहेत. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि शाफ्टची दोन्ही सील बदला. थोड्या पैशांसाठी तीच मेहनत पुन्हा करायची पाळी आणू नये.

गिअरबॉक्स वर चढवताना घाई करणारी पोरं मी पाहिली आहेत. बेल हाउसिंग इंजिनाला बोटभर अंतरावर थांबतं आणि ती बोल्ट आवळून ओढून घ्यायला बघतात. ॲल्युमिनियमचा कान तडकतो तो असाच. इनपुट शाफ्ट प्लेटच्या आट्यात बसला आणि डॉवेल पिन समोर आल्या की गिअरबॉक्स हाताने पुढे सरकतो आणि टक् आवाज करून टेकतो. तो टेकल्याशिवाय बोल्टला पाना लावायचा नाही. जुन्या इनपुट शाफ्टच्या तुकड्याने क्लच प्लेट आधीच मधोमध धरून ठेवली असेल तर हे काम सहज होतं. गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेट वाकते. खाली जॅक आणि गाडीखाली स्टँड, हे बोलून दाखवायची गरज पडू नये.

ऑइल भरण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, आणि त्यानंतरच खालचा बोल्ट उघडा. ऑइल जीएल-४ दर्जाचं. 'जास्त भारी' म्हणून जीएल-५ ओतायचा मोह होतो, पण त्यातले काही घटक सिंक्रोच्या पितळेला मानवत नाहीत.

स्पीडोमीटरची गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात, आणि सगळा हिशेब इथेच फसतो. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. नव्या गिअरबॉक्समध्ये ते छोटं दातेरी चाक वेगळं असेल, किंवा क्राउन वेगळा असेल, तर किलोमीटर खोटे पडतात. मीटर दहा टक्के जास्त पळू लागला की ॲव्हरेजही कागदावर दहा टक्के वाढतं. मालक खुश होतो, पेट्रोल मात्र तेवढंच जळत असतं. तेव्हा धुळे-जळगाव महामार्गावर जा, किलोमीटरचे दगड आणि मोबाइलचं जीपीएस यांच्याशी मीटर ताडून बघा. फरक असेल तर दातेरी चाक बदला, नाहीतर फरकाचा आकडा लिहून ठेवा आणि प्रत्येक हिशेबात धरा.

ॲव्हरेज मोजायचं टाकी ते टाकी. पंप तोच, मशीन तेच, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. टायरची हवा सारखी, माणसं तितकीच. आणि जाऊन-येऊन मोजायचं. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत पश्चिमेचा वारा जोरात वाहतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्या दिवसांत धुळ्याहून साक्री-नवापूरकडे निघालं की वारा समोरून, परत येताना पाठीशी. एकाच बाजूचं ॲव्हरेज धरलं तर जे निघेल ते वाऱ्याचं माप असेल. गिअरबॉक्स बदलण्याआधीही याच पद्धतीने मोजून ठेवलं पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार?

पैशांचं गिऱ्हाइकाला कागदावर करून दाखवा. समजा १६ चं ॲव्हरेज १८ झालं, महिन्याला १,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये. वाचतात सात लिटरच्या जवळपास, म्हणजे सव्वासातशे रुपये. सगळं धरून काम पंधरा हजारांना पडलं तर भरून यायला पावणेदोन वर्षं. हे सगळं महामार्गावर चालणाऱ्या गाडीचं. गावातून शाळेपर्यंत जाणाऱ्या गाडीला गतिरोधकांमध्ये पाचवा गिअर लागतच नाही, तिच्या मालकाला सरळ नाही सांगा.

कागदपत्रांचंही बोलून घ्या. आरसीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि पंधरा वर्षांवरची गाडी पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणाला आरटीओसमोर जातेच. मालकाने आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावं आणि उत्तर फाइलला लावावं.

गाडी ताब्यात देताना मालकाला शेजारी बसवून मी एक चक्कर मारतो, मग त्याला चालवायला देतो. ५५-६० च्या खाली पाचवा टाकायचा नाही. इंजिन गुरगुरायला लागलं, स्टिअरिंग थरथरलं की चौथा. लळिंगच्या घाटात चौथा किंवा तिसरा, कन्नडच्या घाटात तर पाचव्याचा विचारच नको. समोरून वारा असेल आणि पाय अर्ध्याहून खाली जात असेल तर सपाटीवरसुद्धा चौथ्यातच पेट्रोल कमी लागतं. डॅशबोर्डला व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ दाखवणारं मीटर) लावून दिलं तर हे त्याला डोळ्यांनी दिसतं: काटा शून्याकडे झुकला की गिअर खाली. पाचशे किलोमीटरनंतर परत बोलवा, सीलखाली ओल आहे का बघा, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा आणि दुसऱ्या टाकीचा आकडा वहीत लिहा.